अधिक महिन्यात तरी मोकळी होईन वाटलं होतं. धंदा चालवायचा की वाढवायचा?

वाईची_पंगत · 6 जून 2026, रात्री 11:52

नमस्कार. वाईत आमचं केटरिंग आहे. धंदा सासऱ्यांचा, 1991 पासूनचा. ते 2019 ला गेले, ह्यांची बँकेत नोकरी, दीर बंगळूरला. म्हणून वही माझ्याकडे आली. हात बसेपर्यंत कोरोना आला. एप्रिल 2021 चा नियम आठवत असेल: लग्न दोन तासांत उरका, माणसं 25, मोडलात तर 50 हजार दंड. त्या पंचवीस पानांसाठी आमच्या आप्पांनी भट्टीसुद्धा पेटवली नाही. घरच्या शेगडीवर मसालेभात केला आणि म्हणाले, "हे लग्न नाही, हे श्राद्ध झालं." आप्पा म्हणजे आमचे मुख्य आचारी, सासऱ्यांच्या वेळचे.

त्यातून बाहेर आलो. गेल्या हंगामात लहानमोठे 54 कार्यक्रम केले. मोठी लग्नं 600-700 पानांची, बाकी साखरपुडे, वास्तुशांत, मुंजी. तक्रार धंद्याची नाही, माझी आहे.

माझा दिवस सांगते. पहाटे साडेचारला उठते. पाचला टेम्पोबरोबर मंडईत. सातला आप्पांना माल मोजून द्यायचा. आठपासून फोन. आज कुठं जायचं, गाडी कुणाची, वाढपी किती, गॅस संपला, मठ्ठ्याला ताक आंबट आलं. अकरा ते चार कार्यक्रमाच्या जागी. पाचनंतर चौकशीवाले घरी येतात. त्यांना मेनू सांगायचा, दर सांगायचा, "थोडं कमी करा की वहिनी" ऐकायचं. रात्री हिशेब. साडेअकराला झोप. ह्यात पोरीची दहावीसुद्धा होऊन गेली.

आता खरा प्रश्न. फेब्रुवारीत पाचगणी रस्त्यावरच्या एका लॉनच्या मालकांनी विचारलं, वर्षाचा ठेका घेता का? तिथं होईल ते सगळं जेवण आमचंच. सहा लाख डिपॉझिट, शिवाय पानामागे 20 रुपये रॉयल्टी. महाबळेश्वर-पाचगणीला पुण्या-मुंबईची लग्नं आता किती येतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या लोकांना पनीर सगळीकडे मिळतं. अळूचं फदफदं, जिलेबी-मठ्ठा आणि पंगत नीट करून देणारा कुणी मिळत नाही, असं मालकांचं म्हणणं. मलाही पटलं.

हो-नाही सांगण्याआधी हिशेब मांडायला हवा. तिथल्या तारखा आणि आपल्या तारखा किती आपटतील, भांड्यांचा दुसरा संच लागेल का, दुसरा आचारी कुठून आणायचा. मालकांनी दिलेला कागद चार महिने फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय. मी रोज दूध काढताना त्याच्याकडे बघते आणि दार लावते.

ठरवलं होतं की अधिक महिन्यात बसायचं. यंदा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून, लग्नं बंद. शुक्राच्या अस्तापायी जानेवारीही कोरडा गेला होता, पण तेव्हा हळदीकुंकवाची कामं होती. म्हटलं आता महिनाभर निवांत. आणि मग एका बाईंनी विचारलं, "धोंड्याच्या महिन्याचे अनारसे करून द्याल का, जावयाच्या वाणाला, तेहतीस?" मी हो म्हटलं. आज माझ्याकडे तेहतीस-तेहतीसच्या 160 डब्यांची ऑर्डर आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गूळ घालून मुरवायचे. घरभर पिठाचे डबे. कागद अजून फ्रिजवर आहे.

30 जूनपर्यंत उत्तर द्यायचंय. ठेका घेऊ का, हे मी विचारत नाहीये. विचारायचं ते वेगळं. तुमच्यापैकी जे लग्नाच्या धंद्यात आहेत, कार्यालय, मंडप, फोटो, काहीही, ते रोजच्या रगाड्यातून डोकं वर काढून पुढचं कधी बघतात? कुणावर काय सोडलं? आणि सोडल्यावर झोप लागली का?

---

ग्रोथ_मित्र · 7 जून, सकाळी 7:10

ताई, सोपं आहे. तुम्ही धंद्यात काम करताय, धंद्यावर काम करत नाही. एक मॅनेजर ठेवा, प्रत्येक कामाची एसओपी (लिहून ठेवलेली पद्धत) बनवा, डेलिगेट करा. रोज सकाळी दोन तास फक्त स्ट्रॅटेजीसाठी ठेवा. ऑल द बेस्ट!

---

वाईची_पंगत · 7 जून, दुपारी 2:35

सकाळचे दोन तास म्हणजे कुठले हो? पहाटे तीन ते पाच?

मॅनेजर ठेवला होता, 2024 ला, 18 हजारांवर. पोरगा हुशार होता. एप्रिलच्या मध्यावर, लागोपाठ तीन दाट तिथी, म्हणजे लग्नांच्या गर्दीचे मुहूर्त, असताना सोडून गेला. बरोबर आठ वाढपी आणि माझी गिऱ्हाइकांची यादी. आता त्याचं स्वतःचं केटरिंग आहे आणि चांगलं चाललंय म्हणे. राग गेला, पण हात पोळला तो पोळलाच.

---

कार्यालयवाले_काका · 7 जून, रात्री 9:20

ताई, मी सांगलीकडचा. कार्यालय 1988 पासून. आता मुलगा बघतो, मी खुर्चीत बसून चुका काढतो. तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा असेन, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

मॅनेजर पळाला कारण तुम्ही त्याला सगळं दिलंत. गिऱ्हाईक, माणसं, दर, सगळं एकाच्या हातात. सोपवणं म्हणजे आपल्यासारखा दुसरा माणूस उभा करणं, असं आपल्याला वाटतं. तसा माणूस उभा राहिला की तो दुसरीकडेच जाऊन उभा राहणार, त्यात त्याचं काय चुकलं? मी सगळं एकाला कधी दिलं नाही. तारखांची वही एकाकडे, भांडीकोठी दुसऱ्याकडे, वीज-पाणी-जनरेटर तिसऱ्याकडे. दर मात्र छापील. दर माणसाच्या तोंडात ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा.

आता माझी चूक ऐका. 2011 ला मी दुसरं कार्यालय चालवायला घेतलं, इस्लामपूरकडे. तुमच्यासारखंच, समोरून चालून आलं होतं. हिशेब केला तो असा: इथं वर्षाला साठ लग्नं, तिथं चाळीस, म्हणजे शंभर. कागदावर फार सुंदर दिसत होतं. झालं काय, की लग्नं ज्या दिवशी इथं असायची त्याच दिवशी तिथंही. पंचांग दोन्ही गावांना एकच! दाट तिथीला मी पहाटे इथं, दुपारी तिथं, आणि दोन्हीकडं जनरेटर बंद पडला तेव्हा मधल्या रस्त्यावर. उरलेले दहा महिने दोन्ही कार्यालयं रिकामी आणि दोन्हीकडचे वॉचमन पगारी. तीन वर्षांत सोडलं. डिपॉझिटमधले निम्मे पैसे रंगरंगोटीच्या नावाखाली कापले गेले, तो वेगळा विषय.

तेव्हापासून एक सवय लागली. नवीन पंचांग आलं की लाल पेनानं दाट तिथी खुणावतो, विशेषतः शनिवार-रविवारी आलेल्या. गेल्या वर्षी अशा 19 निघाल्या. त्या 19 दिवसांसाठी माझ्याकडे 140 चौकश्या आल्या. उरलेल्या अख्ख्या वर्षासाठी सत्तर. म्हणजे 19 दिवस मला लोकांना हात जोडून परत पाठवावं लागतं, आणि उरलेले दिवस लोकांना हात जोडून बोलवावं लागतं. दाट तिथीला धंदा वाढवायला गेलं की सगळं दुप्पट लागतं, भट्ट्या, पातेली, आचारी, टेम्पो. आणि ते दुप्पट सामान वर्षातले 340 दिवस कोठीत गंजतं. आम्ही वाढलो ते दोन दाट तिथींच्या मधल्या दिवसांत. साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, साठीशांत, शाळेचं स्नेहसंमेलन. हल्ली पंचांगात चातुर्मासातले गौण काळाचे, म्हणजे दुय्यम, मुहूर्तही देतात, परदेशातून सुट्टीवर आलेली पोरं ते धरतात. तुमचे अनारसे हे ह्यातच मोडतं. तुम्ही त्याच्यावर चिडलाय, पण 160 डबे म्हणजे लग्नाविना आलेला पैसा आहे.

म्हणून लॉनवाल्याला विचारायचं ते एवढंच: "तुमच्या दाट तिथी सोडून बाकीचे दिवस मला द्याल का?" तो नाही म्हणेल. पण त्याच्या नाही म्हणण्याच्या पद्धतीवरून तुम्हाला कळेल, की त्याला जेवण चांगलं हवंय की सहा लाख हवेत.

आणि एक काम करा. आठ दिवस वहीच्या मागच्या पानावर आलेला प्रत्येक फोन मांडा. कुणाचा, कशाला, आणि ह्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणी देऊ शकलं असतं का. आठ दिवसांनी इथं लिहा.

शेवटचं. मंडईत तुम्ही स्वतः का जाता?

---

वाईची_पंगत · 7 जून, रात्री 10:05

काका, मनापासून आभार. फोन मांडते उद्यापासून. मंडईत जाते कारण माल डोळ्यानं बघावा लागतो. भावही कळतो.

---

कार्यालयवाले_काका · 7 जून, रात्री 10:12

भाव हल्ली मोबाईलवर येतो. माल बघायला आप्पा आहेत, त्यांचे डोळे तुमच्याहून तीस वर्षं जुने. खरं कारण शोधा.

---

झेंडू_निशिगंध · 8 जून, सकाळी 11:48

मी पुण्यात डेकोरेशन करते, फुलांचं जास्त. काकांचं दाट तिथीचं म्हणणं अगदी खरं. आमच्याकडे तर त्या दिवशी झेंडूचा भावही आमच्या डोक्यावर बसतो.

माझा अनुभव फोनबद्दलचा आहे. आधी कुणाचाही फोन आला की मी तिथल्या तिथं दर सांगायचे. हात पिनांनी भरलेला, फोन खांद्यात, आणि तोंडानं "स्टेजचे पस्तीस होतील". नंतर घरी येऊन कळायचं की पस्तिसात आपलंच नुकसान आहे. आता फोनवर दर नाही. तीन प्रकारची स्टेजं ठरवून टाकली, फोटोसकट आणि दरासकट. चौकशी आली की ती पाठवायची, आणि बोलायचं असेल तर संध्याकाळी चार ते सहा. पहिल्या महिन्यात वाटलं गिऱ्हाईक तुटणार. जे तुटले ते दहा ठिकाणी दर विचारत फिरणारेच होते. ताई, तुम्हीही तीन पानं ठरवा: साधं, मधलं, थाटाचं. बदल हवा असेल तर "जिलेबीच्या जागी श्रीखंड, एवढे रुपये जास्त" हेही छापून टाका. निम्मी संध्याकाळ परत मिळेल.

दुसरं जरा महाग आहे. माझ्याकडे एक मुलगी मदतीला होती, 15 हजारांवर, नोव्हेंबर ते जून. आषाढी झाली की सुट्टी, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर परत बोलवायचं. दरवर्षी नवीन मुलगी, दरवर्षी पहिल्यापासून शिकवणी. 2023 ला ठरवलं, चातुर्मासातही पगार द्यायचा. माझं नशीब बघा, त्या वर्षी अधिक श्रावण होता, चातुर्मास पाच महिन्यांचा! 75 हजार गेले, सासूबाई बोलल्या, मी रडले. पण त्या पाच महिन्यांत तिनं सगळ्या जुन्या कामांचे फोटो लावले, कापड आणि फ्रेमा मोजून यादी केली, भाड्यानं सामान देणाऱ्या चार जणांचे दर आणून ठेवले. पुढच्या हंगामात मी तीन वेळा आजारी पडले आणि तिन्ही वेळा स्टेज उभं राहिलं. हंगामात माणूस शिकत नाही, फक्त पळतो. शिकवायचं असेल तर कोरड्या महिन्यांतच, आणि त्यासाठी कोरड्या महिन्यांचा पगार द्यावा लागतो. ह्याला दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

फोटो मात्र मी अजून स्वतःच निवडते. तिच्या आवडीची गुलाबी मला सहन होत नाही.

---

खतावणी · 8 जून, रात्री 8:30

मी हिशेब लिहितो, गिऱ्हाइकांत तीन केटरर आहेत. सहा लाख वाचून लिहावंसं वाटलं.

ताई, हे सहा लाख कुठून देणार आहात? मी पाहिलंय ते असं: नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नांचा इसार आत्ता येतो, आणि त्या पैशातून गेल्या हंगामाची किराण्याची उधारी फिटते. इसार खात्यात दिसतो म्हणून हात मोकळा वाटतो. पण तो अजून न केलेल्या जेवणाचा पैसा आहे. 2020 ला लोक इसार परत मागायला आले तेव्हा किती जणांकडे होता, आठवा. डिपॉझिट इसारातून जाणार असेल तर उत्तर आजच "नाही" आहे, पुढचा हिशेब मांडायची गरज नाही. इसाराचं खातं वेगळं काढा. कार्यक्रम झाला की त्यातून पैसे मोठ्या खात्यात.

दोन बारीक गोष्टी, धंदा वाढताना ह्याच नडतात. एक, एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, तुकडे पाडूनही नाही. 1 एप्रिल 2017 पासून हा नियम आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच. 700 पानांचं लग्न हा आकडा सहज ओलांडतं, आणि वधूपिता पिशवी घेऊन येतो. दोन, सेवेच्या धंद्यात इसार आला की जीएसटी तेव्हाच लागतो, लग्न होईपर्यंत थांबत नाही. शिवाय लॉनवाल्यानं उद्या "मंडपही तुम्हीच घाला" म्हटलं, तर नुसत्या केटरिंगचा 5 टक्के आणि मंडपाचा 18 टक्के असे दोन विषय होतात. एका बिलात घालण्याआधी तुमच्या सीएंना विचारा.

आणि 54 कार्यक्रमांपैकी पैसे कुठल्यात राहिले हे तुम्हाला माहीत आहे का? एकूण नको, एकेकाचं. माझ्या एका केटररला वाटायचं 700 पानांची लग्नं त्याला पोसतात. मांडलं तेव्हा निघालं की पोसत होत्या वास्तुशांती.

---

ग्रोथ_मित्र · 8 जून, रात्री 9:02

एक्झॅक्टली! हेच मी म्हणत होतो.

---

दापोलीची_पोफळी · 9 जून, दुपारी 1:15

धंद्यातलं कळत नाही, नुसती वाचतेय. अनारसे बाहेरगावी पाठवता का? जावई ठाण्याला आहे.

---

वाईची_पंगत · 14 जून, रात्री 10:40

काका, आठ दिवस झाले नाहीत, सातच झाले. पण उद्या अधिक महिना संपतोय आणि मग परत हंगाम, म्हणून आजच लिहिते.

सात दिवसांत 173 फोन. आणि हा माझा बंद महिना. 58 अनारश्यांचे. 41 आपल्याच माणसांचे: उद्या यायचंय का, किती वाजता, कुठं. 33 चौकश्यांचे, म्हणजे दर काय आणि मेनू काय. 22 आप्पांचे. 12 घरचे. आणि मलाच द्यावं लागलं असतं असं उत्तर ज्यांचं होतं, ते सात. सात! पोरीनं बेरीज दोनदा केली.

आप्पांच्या 22 फोनांचं मला सगळ्यात वाईट वाटलं. आप्पा 34 वर्षं भट्टीपुढं आहेत आणि मला विचारतात, अमुक पानांना तांदूळ किती काढू. मी विचारलं, "आप्पा, हे तुम्हाला माहीत नाही?" तर म्हणाले, "माहीत आहे की. पण तुमचे मामंजी कोठीची किल्ली स्वतःकडं ठेवायचे. विचारल्याशिवाय काढायची पद्धत नाही." म्हणजे माणूस विसरलेला नाही, पद्धत जिवंत आहे. परवा रात्री आम्ही दोघं बसलो आणि पोरीनं लिहून घेतलं. शंभर पानांना मसालेभाताचे तांदूळ आठ किलो, जिलेबी असेल तर साडेसात, पुण्याकडचं वऱ्हाड असेल तर सात. मी म्हटलं पुण्याचे कमी का? आप्पा म्हणाले, "ते फोटो काढतात." तसंच लिहून घेतलंय. तीन कागद झाले, प्लास्टिकच्या पाकिटात घालून कोठीच्या दाराला लावले, आणि किल्ली आप्पांना दिली. ग्रोथ_मित्र, ह्यालाच तुम्ही एसओपी म्हणत असाल तर तुमची माफी मागते. पण आधी भात सांगायचा होतात.

निशिगंधताई, तीन पानं ठरवली. छापायला टाकलीत. थाटाच्या पानाचा दर लिहिताना हात थरथरला, मग ह्यांनीच लिहिला. बँकेतल्या माणसाला आकड्यांची भीती नसते. माणसाला बारा महिने पगाराचं अजून पचत नाहीये. वाढप्यांतला एक इथल्या जवळच्या बावधनचा पोरगा आहे, बारावी झालेला. मॅनेजरबरोबर गेलेल्या आठांत तो नव्हता. रंगपंचमीला बगाड, म्हणजे त्यांच्या गावची यात्रा, असते त्या दिवशी गावातला एकही पोरगा कामाला मिळत नाही, पण तो आदल्या रात्री येऊन दुसऱ्या दिवशीचं सगळं लावून गेला होता. त्याला विचारलंय. त्याला आधी वाटलं मी त्याला काढतेय.

खतावणीदादा, तुम्ही झोप उडवलीत. इसाराचं वेगळं खातं काढायला बसले तेव्हा कळलं, की वेगळं काढण्याएवढा इसार शिल्लकच नाही. निम्म्याहून जास्त किराणावाल्याकडे जाऊन बसलाय. सहा लाख माझ्याकडे कधीच नव्हते, मी चार महिने नसलेल्या पैशांचा विचार करायला वेळ शोधत होते. एकेका कार्यक्रमाचा हिशेब 54 पैकी 11 चा झालाय. त्यात दोन मोठी लग्नं आहेत. एकात 9 हजार सुटलेत, सातशे पानांमागे. ह्याहून जास्त मला एका डोहाळजेवणात सुटलेत, साठ पानांच्या. ते अजून कुणाला सांगितलं नाहीये.

लॉनच्या मालकांना फोन केला. काका, तुमचं वाक्य तसंच्या तसं म्हटलं: दाट तिथी सोडून बाकीचे दिवस द्या, डिपॉझिट नाही, रॉयल्टी 20 च्या जागी 25 घ्या, तुळशीच्या लग्नापर्यंत बघू. ते आधी हसले. मग म्हणाले, "वहिनी, दाट तिथी सोडून माझ्याकडे येतं कोण?" मी म्हटलं, तेच तर आणायचंय ना दोघांनी मिळून. विचार करून सांगतो म्हणालेत. काका, ह्या नाही म्हणण्यातून मला काहीच कळलं नाही. तुम्हाला कळतंय का?

आता मंडई. दोन दिवस मी स्वतःलाच भाव आणि माल ही उत्तरं देत होते. मग आठवलं. सासरे गेल्यावर तेराव्याच्या सामानाला मी पहिल्यांदा मंडईत गेले, तेव्हा त्यांचा नेहमीचा व्यापारी दुसऱ्याला म्हणाला, "आता संपलं ह्यांचं. सूनबाई काय पहाटे येणार आहेत थोड्याच." मला ऐकू जाईल असं म्हणाला की नाही ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी पाचला तिथं उभी होते. सात वर्षं उभी आहे. तो व्यापारी गाळा विकून कधीच गेला, आता तिथं त्याचा पुतण्यासुद्धा नाही. मी कुणाला दाखवायला जात होते?

शुक्रवारी बावधनच्या पोराला एकट्याला पाठवलं. भरली वांगी करायची होती, साठ माणसांचं जेवण. तो भरताची घेऊन आला, एकेक वांगं अर्ध्या किलोचं. आप्पांनी वांग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भरीत केलं. यजमान जेवताना म्हणाले, भरीत फक्कड झालंय, लग्नाच्या पानात का नाही ठेवत? पोरगा अजून माझ्याशी नजर मिळवत नाहीये. उद्या पहाटे परत त्यालाच पाठवतेय. मी साडेचारला उठणारच, सवय आहे. उठून काय करायचं ते बघते.

दापोलीच्या ताई, ठाण्याला पाठवते, कुरिअरनं मोडत नाहीत. पण महिना उद्यापर्यंतच आहे, आणि आज शेवटच्या घाण्याला जाळी पडत नाहीये. पीठ सैल झालंय, थोडा वेळ पंख्याखाली ठेवलंय. पडली तर रात्रीत तळून सकाळच्या गाडीनं देते. पत्ता निरोपात टाका.